महाधमनीची शस्त्रक्रिया: लॅबचा पीटी-एपीटीटी की टेबलाशेजारचं रोटेम?

पोटातला महाधमनीचा फुगवटा उघडून दुरुस्त करताना क्लॅम्पआधी (म्हणजे महाधमनी चिमट्याने बंद करण्याआधी) रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे साधारण 50 ते 100 युनिट हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देतात. क्लॅम्प निघाल्यावरही रक्त पाझरतच राहिलं, तर कोणत्या चाचणीवर भिस्त ठेवायची: लॅबमधल्या पीटी-एपीटीटीवर (प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ) की रोटेमवर (टेबलाशेजारीच अख्ख्या रक्ताची गुठळी कशी बनते, टिकते ते दाखवणारं यंत्र)?

वेळेत लॅब हरते. नमुना पोचवून, फिरवून प्लाझ्मा वेगळा करून रिपोर्ट यायला पाऊण-एक तास सहज जातो. तोवर सक्शनच्या बाटलीतला आकडा बदललेला असतो. रोटेममध्ये गुठळी धरल्यापासून 10 मिनिटांत तिची ताकद दिसते.

खरा फरक माहितीत आहे. पीटी-एपीटीटी गुठळीची फक्त सुरुवात मोजतात. रोटेममध्ये वेगवेगळ्या उपचाचण्या असतात. त्यातलं फिबटेम प्लेटलेटचा वाटा बाजूला काढून फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) दाखवतं. हेपटेम म्हणजे इनटेमच, फक्त नमुन्यातलं हेपॅरिन निकामी करून केलेलं. इनटेम लांबलं आणि हेपटेम नॉर्मल आलं, तर हेपॅरिन उरलंय. प्रोटामिन (हेपॅरिनचा उतारा) द्या, एफएफपी (गोठवून साठवलेला प्लाझ्मा) नको. क्लॅम्प महाधमनीवर, यकृताला रक्त देणाऱ्या फाट्याच्या वर असेल, तर गुठळी विरघळण्याचा धोका वाढतो. तेही इथेच दिसतं, लॅबच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये नाही.

अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट रोखणाऱ्या औषधांचा परिणाम मात्र दोन्हींतून निसटतो. थंडीचाही, कारण दोन्ही चाचण्या नमुना सहसा 37 अंशांवर तपासतात. रुग्ण 34 वर असला तरी. सायट्रेटची (नमुना गोठू न देणाऱ्या द्रवाची) नळी अर्धवट भरली की दोन्ही फसतात.

खर्चात आणि देखभालीत लॅब स्वस्त. ऑपरेशनआधीची तपासणी किंवा साधी पायाची बायपास असेल तर ती पुरते. फुटलेला फुगवटा किंवा वरचा क्लॅम्प नेहमी हाताळणाऱ्यांनी रोटेम घ्यावं.