ऑटोडॉक व्हिना: आकृतीसाठी उत्तम, आकड्यासाठी जपून

अॅसिटिलकोलिनेस्टरेज या, चेतापेशींमधला संदेशवाहक रेणू तोडणाऱ्या एन्झाइमला रोखणारी संयुगे बनवताना कोणता रेणू आधी हाती घ्यावा, हे ठरवण्यासाठी मी ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचे (रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल याचा संगणकावर अंदाज घेण्याचे) सॉफ्टवेअर काही वर्षे वापरत आहे. ओलेग ट्रॉट आणि आर्थर ओल्सन यांच्या या कामावरील शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या संगणकावरही एक रेणू बहुधा काही मिनिटांत डॉक होतो.

उत्तर आधीच माहीत असलेल्या उदाहरणावर ते पारखून घ्यावे. मी डोनेपेझिल हे याच एन्झाइमला रोखणारे, अल्झायमरवरचे औषध घेतले. या एन्झाइमची सक्रिय जागा सुमारे २० अँगस्ट्रॉम (२ नॅनोमीटर) खोल, अरुंद घळीच्या तळाशी असते. स्फटिकरचनेत डोनेपेझिलचे बेन्झिल वलय तळाच्या ट्रिप्टोफॅन ८४ (एन्झाइमच्या साखळीतील ८४ व्या क्रमांकाचे अमिनो आम्ल) वर, तर इंडॅनोनचा भाग तोंडाजवळच्या ट्रिप्टोफॅन २७९ वर टेकलेला दिसतो, आणि इतर बरेचसे बंध पाण्याच्या रेणूंमार्फत जुळलेले असतात. डॉकिंगच्या तयारीत आपण सरसकट सगळे पाणी काढून टाकतो, तेव्हा हे दुवेही त्याबरोबर जातात. २०२१ मधील १.२ आवृत्तीत पाण्यासह डॉकिंगची सोय आली, ही सुधारणा मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

खरी अडचण स्कोअरची, म्हणजे रेणू किती घट्ट बसेल याच्या व्हिनाने दिलेल्या ऊर्जेच्या अंदाजाची आहे; तो जितका उणे, तितका चांगला. मूळ निबंधातच अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. सामान्य तापमानाला १.४ किलोकॅलरीच्या आसपासचा फरक म्हणजे बंधनक्षमतेत दहापट फरक, हे ध्यानात घेतले तर ही त्रुटी शंभरपटीच्या घरात जाते. त्यामुळे उणे ११.२ आणि उणे १०.८ यांच्यात वर-खाली लावण्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय मोठ्या, मेदस्नेही (पाण्यापेक्षा चरबीत सहज विरघळणाऱ्या) रेणूंना चांगला स्कोअर मिळण्याकडे कल असतो.

हे मी स्वतः भोगले आहे. यादीत पहिला आलेला, दोन नॅफ्थिल वलये असलेला रेणू मी अल्डॉल संघननाने बनवला, कॉलमवर शुद्ध केला आणि एलमन पद्धतीने (एन्झाइम काम करत असले की पिवळा रंग येतो आणि तो ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजतात) तपासायला घेतला. क्युव्हेटमध्ये पिवळा रंग येण्याऐवजी द्रावण दुधाळ झाले, आणि ४१२ नॅनोमीटरवरचे वाचन एन्झाइममुळे नव्हे, तर त्या गढूळपणामुळे चढत राहिले. संयुग पाण्यात विरघळतच नव्हते. रेणू विरघळेल का, किंवा तो किती टप्प्यांत बनेल, हे सांगणे व्हिनाचे कामच नाही. ते मीच आधी पाहायला हवे होते.

आता मी एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा याचे सेटिंग) मूळच्या ८ वरून ३२ वर नेतो, प्रत्येक पोझ (रेणूची सुचवलेली बसण्याची स्थिती) डोळ्यांनी तपासतो आणि घळीत न मावणारे रेणू वगळण्यापुरताच स्कोअर वापरतो. एवढ्या कामासाठी हे सॉफ्टवेअर मी निःसंकोच सुचवेन.