जळगावातील प्रसूतिपूर्व वर्ग : एका होणाऱ्या वडिलांचा अनुभव

जळगावातील एका खासगी प्रसूतिगृहात गरोदर स्त्रिया आणि त्यांचे पती यांच्यासाठी चालणाऱ्या वर्गाला आम्ही दोघे सातव्या महिन्यात गेलो. चार रविवार, प्रत्येक वेळी दोन तास, आणि जोडप्यामागे पंधराशे रुपये शुल्क. एवढ्या पैशांत जे शिकायला मिळाले ते मला मोलाचे वाटते, तरी एक मोठी उणीवही सांगितली पाहिजे.

सर्वांत उपयोगी ठरला तो दुसरा रविवार. सिस्टरांनी त्या दिवशी पुरुषांनाच पुढे बसवले. रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणे किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर कळांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी प्रत्येकाकडून वदवून घेतले. कळांमधले अंतर एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजायचे, हेही मला तिथेच कळले. रात्री वाहन कोणाचे, पत्नीचा रक्तगट कोणता, रक्त लागल्यास कोणाला बोलवायचे, हे प्रत्येकाने कागदावर लिहायचे होते. माझ्यासह अनेकांना पत्नीचा रक्तगट सांगता आला नाही, आणि त्याची मला मनापासून लाज वाटली. सरकारी रुग्णालयात जाण्या-येण्यासाठी 102 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते, आणि 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शस्त्रक्रियेसह बाळंतपणही विनाशुल्क होते, ही माहिती खासगी ठिकाणी असूनही त्यांनी दिली, याचे विशेष कौतुक वाटते.

आहाराचा तास साधारण होता. शेवटच्या रविवारी मात्र पहिल्या तासाभरात बाळाला चीक पाजावा, सहा महिने मध, घुटी, पाणी काहीही देऊ नये, हे आपल्याच आईला आदर राखून कसे सांगावे, याचा सराव पुरुषांकडून करून घेतला.

उणीव अशी की, पती प्रसूतिकक्षात सोबत असेल हे गृहीत धरूनच सारे शिकवले जाते. खान्देशात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली, पण ती मुख्यतः स्त्री नातेवाइकाला. पतीला आत घेणे तिथल्या एकांताच्या सोयीवर अवलंबून असते. वर्गात याचा उल्लेखही झाला नाही. पत्नी शहाद्याला माहेरी गेल्यावर तिथल्या रुग्णालयात चौकशी केली, तेव्हा मला हे समजले. म्हणून कळांच्या वेळी कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने स्थिर दाब कसा द्यायचा, हे मी आठवडाभर आधी सासूबाईंना शिकवले. आत त्याच होत्या, आणि पहाटेपर्यंत त्यांनीच तो दाब दिला.