‘फ्री आणि स्कूबा दोन्ही चालतं’ म्हणून विकलेला डाइव्ह कॉम्प्युटर: ४८७ डॉलर पाण्यात

३८५ डॉलर वस्तूचे, ४२ पाठवणावळीचे, वर सर्व्हिस सेंटरच्या तपासणीचे ६०. एकूण ४८७ डॉलर गेले. बदल्यात हातात आलंय असं यंत्र, ज्याच्या भरवशावर पाण्याखाली गेलं तर जिवावर बेतेल. पैशांपेक्षा याचाच संताप जास्त आहे.

जाहिरात अशी: मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र), फ्रीडायव्हिंग (दम रोखून उतरणं) आणि स्कूबा (पाठीवर हवेचा सिलेंडर लावून उतरणं) दोन्हीसाठी, जेमतेम चार डाइव्ह झालेला. असे फसवे विक्रेते किंमत फार पाडत नाहीत, संशय येणार नाही इतपतच उतरवतात. सोबत ३४ सेकंदांचा व्हिडिओ होता. टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटर, स्क्रीनवर १८.३ मीटर खोली, खाली नो-डेकोची उरलेली मिनिटं, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता अजून किती वेळ खाली राहता येईल ते.

आणि टेबल कोरडं होतं. पट्टा कोरडा, काच कोरडी. सेन्सर दाब मोजतो, साधारण दहा मीटरला एक बार. दाबच नाही तर १८.३ मीटर आले कुठून? स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सिम’ (SIM) लिहिलेलं होतं. सिम्युलेटर! दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचा सोंगाचा डाइव्ह. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. तीनदा पाहूनही ती तीन अक्षरं डोळ्यांत शिरली नाहीत, हे लिहितानाही कान तापतात.

पण माझं लक्ष भलतीकडेच होतं असं नाही. या खरेदीत जे विचारायला हवं तेच विचारलं होतं: फ्रीडायव्हिंगचा वेगळा मोड आहे का? उत्तर आलं, “गेज मोड आहे ना, फ्रीडायव्हिंगवाले सगळे तोच वापरतात.” सगळं खोटं असतं तर पकडलं असतं. यात थोडं खरं आहे, तिथेच गळाला लागलो.

गेज मोड म्हणजे फ्री मोड नव्हे. गेजमध्ये यंत्र फक्त खोली आणि वेळ दाखवतं, स्कूबात शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवत नाही. नोंदही स्कूबाच्या चालीने होते, बहुतेक वेळा १०, २० किंवा ३० सेकंदांनी एक. दम रोखून उतरणारा माणूस सेकंदाला साधारण एक मीटर जातो. मिनिटभराच्या डाइव्हमध्ये २० सेकंदांनी नोंद झाली तर आलेखात तीन-चार ठिपके पडतात, त्यावरून वेग कसला कळणार? फ्री मोडमध्ये नोंद सेकंदाला किंवा त्याहून लवकर व्हायला हवी. शिवाय पृष्ठभागावरचा विश्रांतीचा काळ मोजणारं घड्याळ हवं, कारण दोन डाइव्हमध्ये आधीच्या डाइव्हच्या किमान दुप्पट वेळ थांबायचं असतं. स्कूबासाठी घडवलेली बरीच यंत्रं पाच-दहा मिनिटांच्या आत पुन्हा उतरलात तर तो आधीचाच डाइव्ह चालू आहे असं धरतात. सगळं सत्र मग एकाच डाइव्हमध्ये कोंबलं जातं.

याहून वाईट म्हणजे कुलूप. गेजमध्ये एकदा पाण्यात गेलात की अनेक मॉडेल्स २४ तास, काही ४८ तास, स्कूबाची गणना देतच नाहीत, कारण ऊतींत किती नायट्रोजन आहे हे त्यांना ठाऊक नसतं. कुलूप योग्यच आहे. पण मग ‘दोन्हीसाठी’ या शब्दाला अर्थ काय राहिला? सकाळी दोरीवर फ्रीडायव्ह, दुसऱ्या दिवशी सिलेंडर लावला तर स्क्रीनवर नो-डेको मिनिटांच्या जागी नुसत्या रेघा. बिंग फुटलं ते इथे.

मग एकेक बाहेर यायला लागलं. हिस्टरीत चार नव्हे, ३११ डाइव्ह, सर्वांत खोल ५१.२ मीटर. लॉग, म्हणजे एकेका डाइव्हची नोंद, पुसता येतो, पण कित्येक मॉडेल्सवर हा एकूण आकडा वापरणाऱ्याला पुसता येत नाही. जाहिरातीत लॉगचा फोटो असेल तर हिस्टरीचा मागा. बॅटरीच्या झाकणाच्या खाचेवर ओरखडे, आतली ओ-रिंग (पाणी रोखणारी रबरी कडी) चपटी झालेली. सेन्सरच्या भोकांत मीठ आणि ग्रीस एकत्र घट्ट बसलेलं. दोरीवरच्या २० मीटरच्या खुणेवर आकडा आला १७.६. ही चूक किरकोळ वाटते ना? पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या मनोरंजन डाइव्ह तक्त्यात साध्या हवेवर २० मीटरला ४५ मिनिटं मिळतात. १७.६ म्हणून १८ ची ओळ धरलीत तर ५६. अकरा मिनिटं जास्त, तीही यंत्राच्याच सांगण्यावरून. (भोकात सुई घालू नका, कॉम्प्रेस्ड हवाही मारू नका, आतला पडदा फाटतो. कोमट गोड्या पाण्यात भिजत ठेवा, नाही सुटलं तर सर्व्हिसला द्या.)

सर्व्हिस सेंटरने ६० डॉलर घेऊन सांगितलं की केस आधी बाहेर उघडलेली आहे, म्हणून दुरुस्ती नाही. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं की व्यवहार ‘मित्र-नातेवाईक’ प्रकारात केलात, संरक्षण लागू नाही. कमिशन वाचवू म्हणून विक्रेत्यानेच तो प्रकार निवडायला लावला, हे पुराव्यासकट कळवलं तरी उत्तर तेच, शब्दन् शब्द तेच. विक्रीच्या साइटने नवव्या दिवशी तक्रार ‘निकाली’ काढली, कारण शेवटचे चार मेसेज त्यांच्या साइटबाहेरचे. पोलिसांत विचारलं, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” डाइव्ह कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगण्यात चाळीस मिनिटं गेली आणि हातात पोचपावतीसुद्धा नाही. चुकीची खोली दाखवणारं यंत्र विकणं म्हणजे नकली हातरुमाल विकणं नव्हे, हे कोणाला समजावायचं?

तेव्हा ऐका. विक्रेत्याला एवढंच विचारा: स्कूबानंतर फ्री मोड लावला तर यंत्र काय करतं? चांगलं यंत्र अडवतं किंवा बजावतं आणि नायट्रोजनचा हिशेब मोड बदलला तरी पुढे चालू ठेवतं. स्कूबानंतर शरीरात राहिलेले सूक्ष्म बुडबुडे खोलवर दाबून बारीक होतात आणि फुप्फुसांच्या गाळणीतून धमन्यांकडे निसटू शकतात, म्हणून २४ तास थांबायला सांगतात. विक्रेता इथे अडखळला तर व्यवहार सोडा. सिरीयल नंबरचा फोटो पैशांआधी, आणि तो नंबर उत्पादकाकडे पडताळून. प्रेशर पॉटमध्ये (पाण्याखालच्यासारखा दाब देणाऱ्या बंद भांड्यात) चाचणी होईपर्यंत रक्कम अडवून ठेवता येईल अशाच मार्गाने द्या.

तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा लागली आहे. किंमत आता ३६० डॉलर. व्हिडिओ तोच, ३४ सेकंदांचा, कोरडं टेबल, १८.३ मीटर, आणि कोपऱ्यात ‘सिम’.