सायट्रिक ॲसिड पावडर: पावसाळाभर गंज काढल्यानंतरचा अनुभव

जुन्या बाजारातून आणलेले पाने, पकडी आणि एक सुरेख अडकित्ता साफ करायला पुण्याच्या बोहरी आळीतून सुटी सायट्रिक ॲसिड पावडर घेतली. पावसाळाभर वापरून ठाम मत झालंय: लोखंडाच्या गंजावर घरात ठेवण्याजोगी याहून चांगली वस्तू मी पाहिलेली नाही. पितळेसाठी मात्र जपून.

लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. आधी तेल-ग्रीस साबणाने काढायचंच, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोचत नाही. तांबूस गंज काही तासांत सुटतो, पाणी पिवळसर-हिरवट होतं. मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा थर चिवट, तिथे तारेचा ब्रश लागतोच.

व्हिनेगरपेक्षा हे इतकं सरस का, ते समजून घेण्यासारखं आहे. गंजाच्या पृष्ठभागावर लोहाच्या अणूंना हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) चिकटलेले असतात. आम्लाचा प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित आयन) त्यांना मिळाला की त्यांचं पाणी होऊन ते निघतात आणि मोकळ्या जागी आम्लाचा कार्बॉक्सिलेट गट (एक कार्बन, दोन ऑक्सिजन) लोहाला धरतो. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाकडे असा एकच गट, सायट्रिककडे तीन. त्यामुळे ते लोहाला दोन-तीन बाजूंनी कवेत घेतं, ऑक्सिजनशी असलेले त्याचे बंध सैल होतात आणि तो अणू द्रावणात उतरून तिथेच बांधलेला राहतो. ऑक्झॅलिक आम्ल याहून तीव्र, पण विषारी. शिवाय लोखंडावर पिवळी साय धरतं. मुलं असलेल्या घरात ते नकोच.

गंज सरला की आम्ल खालच्या धातूला खाऊ लागतं, हायड्रोजनचे बारीक बुडबुडे वाढतात. तेव्हा वस्तू लगेच काढावी. टणक पोलादाच्या स्प्रिंगा तर रात्रभर ठेवूच नयेत, हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होऊ शकतात. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, कोरडं करून लगेच तेल. जुलैतल्या पुण्याच्या हवेत उघडं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

तांब्याच्या बंबावरचा काळा थर पटकन जातो, तरी रोजच्या तांब्याला मी चिंच-मीठच लावते; चिंचेतलं टार्टारिक आम्ल त्याच जातीचं आणि मिठातला क्लोराइड मदतीला. पितळ फार वेळ बुडालं तर गुलाबी पडतं. ॲल्युमिनियमला अजिबात नको, त्याचं रक्षण करणारा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. स्टेनलेस स्टीलला धोका नाही. कारखान्यांतही स्टेनलेस स्टीलवरचे लोहकण काढायला सायट्रिक वापरतात.

एवढंच पाळा: ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि डबा घट्ट झाकणाचा हवा, पावसाळ्यात पावडरीचे खडे होतात.