बायसनच्या मढ्यावर हक्क कोणाचा : स्मायलोडॉन की डायर वुल्फ?

नागपूरहून पेंचच्या सफारीला जाणाऱ्यांना वाघ आणि रानकुत्र्यांची टोळी यांच्यातले वैर ऐकून तरी ठाऊक असते. हिमयुगात असाच सामना स्मायलोडॉन हा लांब सुळ्यांचा मांजरकुळातला शिकारी आणि डायर वुल्फ हा आता नामशेष झालेला मोठा लांडगा यांच्यात लॉस एंजेलिसमधील ला ब्रियाच्या डांबरी डबक्यांपाशी होत असावा. डांबरात रुतलेल्या बायसनच्या लोभाने शिकारी तिथे येत आणि स्वतःही अडकत. म्हणूनच तिथे ४००० हून अधिक डायर वुल्फ आणि २००० हून अधिक स्मायलोडॉन यांचे अवशेष मिळाले असून, तेथील संग्रहालयात लांडग्यांच्या ४०४ कवट्या एकाच भिंतीवर ओळीने मांडल्या आहेत.

अंगबळात स्मायलोडॉन उघडच सरस: त्याचे वजन १६० ते २८० किलो, तर लांडग्याचे साधारण ६० ते ७० किलो. पुढचे पाय तर एवढे दणकट, की सावज खाली दाबून ठेवणे हाच त्याचा खरा हातखंडा म्हणावा. मात्र सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचे ते चपटे सुळे हाडावर आडवे अडकले, तर तुटण्याची भीती असे. शिवाय त्याचा चावा सिंहाहून कमजोर होता. लांडग्याला अशी नाजूक अडचण नव्हती. त्याचे झिजलेले, मोडलेले दात पाहिले, की तो हाडेही चावत असे हे पटते.

एकास एक गाठ पडली, तर माझा कौल स्मायलोडॉनला. आठ-दहा लांडग्यांनी घेरल्यावर मात्र त्याने मांसल भाग ओरबाडून मागे सरणेच शहाणपणाचे होते, अर्थात तो एकटा असेल तर. काही संशोधकांच्या मते तोही कळपाने राहत असे, आणि तसे असल्यास हे सारे गणित उलटते.