जिनिंगच्या आवारात 'द लास्ट वॉल्ट्झ', आवाज फुल्ल

वरोऱ्याकडच्या ज्यांना अजून माहीत नसेल त्यांना सांगतो, सीझन संपल्यावर जिनिंगचं (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं) आवार रिकामं पडतं ना, तिथं काही पोट्टे पडदा लावून जुने पिक्चर दाखवून राहिले आणि या शनिवारी त्यांनी चक्क 'द लास्ट वॉल्ट्झ' लावला. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचा, १९७८ चा. 'द बँड' नावाच्या रॉक ग्रुपनं १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड हॉलमध्ये निरोपाची कॉन्सर्ट केली होती, दुसरे मोठे गायक-वादकही त्यात पाहुणे म्हणून आले होते, त्याचा हा पिक्चर. तिकीट ५० रुपये, बसायला ताडपत्री, बाहेर गरम आलुबोंडे.

मोबाईलवर इयरफोन लावून मी हा लयदा पाहिलाय, पण हा पिक्चर तसा पाहायचाच नाही. सुरू व्हायच्या आधी पडद्यावर पाटीच येते की हा मोठ्या आवाजात लावा. पोट्ट्यांनी लग्नातल्या डीजेचे बॉक्स आणले होते, पहिल्या गाण्याला (ते खरं तर त्या रात्रीचं शेवटचं गाणं, स्कॉर्सेसी तिथूनच सुरू करतो) नुसता बेस धडधडत होता, गाणाऱ्याचा आवाज पार बुडून गेला. पण मिक्सरवरच्या पोट्ट्यानं पडद्यासमोर येऊन ऐकलं, परत गेला, बेस उतरवला, आणि दुसऱ्या गाण्यापासून ग्रुपचा ड्रमर आणि गायक लेवॉन हेल्मच्या ड्रमची एकेक थाप सुटी ऐकू आली. मान तिरपी करून माईकमध्ये गातो, हात खाली आपले चालूच, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते पाहिलं की दम लागतो.

गेटवर मराठीत एक कागद देत होते, कोण कोण आहे त्याची माहिती, हे फार चांगलं केलं. लेवॉन अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या कापसाच्या शेतकऱ्याचा पोरगा हे त्यात होतं. माझ्या बाजूच्या काकांची स्वतःची कापसाची पऱ्हाटी आहे, ते वाचल्यापासून त्याच्यावरून नजर हटवेनात. पिक्चरमध्ये लेवॉन गावाकडच्या तंबूतल्या खेळांबद्दल सांगतो, घरच्या लोकांसाठीचा खेळ संपला की अर्ध्या रात्री दुसरा सुरू व्हायचा, गाणी जरा चावट, जोक पण चावट. आपल्याकडं खडी गंमत आणि झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र पाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, मागं बसलेल्यांना कोणीतरी दोन वाक्यात सांगितलं आन् सगळे हसले.

मग मडी वॉटर्स. हा मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात वाढलेला माणूस, तिथं राबलेला, पुढं शिकागोला गेला आणि त्याच्या ब्लूजवर रॉक अँड रोल उभं राहिलं. त्या गाण्याच्या वेळी बाकीचे कॅमेरे बंद होते, एकच चालू राहिला, म्हणून तो शॉट तुटतच नाही, बराच वेळ फक्त त्याचा चेहरा आणि हात. जिनिंगच्या पत्र्यांना अजून कापूस चिकटलेला, सरकीचा वास, आणि समोर हा माणूस गाऊन राहिला. त्याच्यानंतर एरिक क्लॅप्टन येतो, सोलो (एकट्याचं वाजवणं) सुरू करतो तोच त्याच्या गिटारचा पट्टाच सुटतो, आणि 'द बँड'चा गिटारवाला रॉबी रॉबर्टसन एक सूर न चुकवता सोलो उचलून पुढं नेतो. इथं इंग्रजी येवो न येवो, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या.

पिक्चरबद्दल माझी तक्रार एकच, कॅमेरा रॉबर्टसनवरच फार राहतो. रिचर्ड मॅन्युएलसारखा गाणारा पियानोमागं जवळपास दिसतच नाही, हे बरोबर नाही. लेवॉननं पुढं आपल्या पुस्तकात याचा राग स्पष्ट लिहिलाय आणि मला तो पटतो.

आता शोबद्दल. जोनी मिचेलचं गाणं अर्ध्यावर तोडून इंटरव्हल केला, हे नाही चालत. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सुरू करायलाच सव्वाआठ झाले, पिक्चर ११७ मिनिटांचा, वरून इंटरव्हल, आणि उघड्यावर १० नंतर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. म्हणून १० वाजता आवाज एकदम खाली. नेमका तेव्हा व्हॅन मॉरिसन आला, चमचमत्या सूटमध्ये, हवेत लाथा झाडत स्टेजवरून जातो ना ते गाणं, अंगावर काटा यायच्या जागी लोक कान देऊन बसले. बॉब डिलन तसाच गेला, सगळे मिळून गातात ते शेवटचं गाणंही तसंच. नियम पाळला ते बरोबरच केलं, गावात म्हातारी माणसं आहेत, लहान लेकरं झोपतात. पण पोट्टेहो, पुढच्या वेळी साडेसातच्या ठोक्याला सुरू करा, अंधार तेव्हा पुरेसा पडलेला असतो, इंटरव्हल काढून टाका, आलुबोंडे आधीच विका. साडेनऊच्या आत शेवटचं गाणं फुल्ल आवाजात होते. तारीख ठरली की कळवा, ताडपत्री अंथरायला मी लवकर येतो.