पिंग जी४३० गोल्फ आयर्न सेट आणि तीन वेळा बसवलेल्या ग्रिप्स – १४ महिने वापरून

बरेच दिवस लिहायचं होतं पण म्हणलं आधी एक अख्खा पावसाळा आणि दोन उन्हाळे जाऊ देत, कारण दुकानात हातात घेऊन चांगला वाटलेला सेट आणि खारघरच्या जुलैमध्ये ओल्या हाताने फिरवलेला सेट ह्यात जमीन अस्मानाचा फरक असतो. आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचे, नंबर घातलेले गोल्फचे क्लब (काठ्या), नंबर वाढेल तसा शॉट आखूड. आता १४ महिने झालेत. आठवड्यातून साधारण दोनदा खेळते, त्यातलं बरंचसं सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर, अधूनमधून पुण्याला माहेरी गेले की तिकडे एखादी राउंड.

थोडं माझ्याबद्दल, कारण क्लबचा रिव्ह्यू वाचताना खेळणारा कोण आहे हे कळल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. वय ४७, उंची पाच फूट चार इंच, शाळा-कॉलेजात बॅडमिंटन भरपूर खेळलेय त्यामुळे मनगट आणि खांदा अजून दणकट आहे. गोल्फ सुरू केलं २०२१ नंतर. टोकियो ऑलिम्पिकच्या त्या शनिवारी सकाळी अदिती अशोक शेवटची राउंड खेळत होती आणि एका शॉटने पदक हुकून चौथी आली, ते मी टीव्हीसमोर उभं राहून बघितलं होतं. तिच्यापेक्षा लांब मारणाऱ्या कितीतरी जणी होत्या पण ही वेज (जवळचे उंच शॉट मारायचा क्लब) आणि पटरवर (होलजवळ बॉल ढकलायचा क्लब) त्यांना धरून होती, आणि तेव्हाच ठरवलं की हे शिकायचं.

पहिला सेट "लेडीज सेट" म्हणून घेतला. दुकानात गेले, बाई आहे म्हणल्यावर त्यांनी सरळ लेडीज रॅककडे नेलं, ना उंची मोजली ना हात बघितला ना एक बॉल मारून घेतला. लेडीज सेट म्हणजे साधारण काय असतं तर पुरुषांच्या स्टँडर्डपेक्षा इंचभर आखूड, एल फ्लेक्सचा (फ्लेक्स म्हणजे शाफ्ट किती लवतो ते) एकदम मऊ ग्रॅफाइट शाफ्ट म्हणजे दांडा आणि बारीक ग्रिप. ज्यांचा स्विंग सावकाश आहे, हात लहान आहे त्यांच्यासाठी हे अगदी बरोबर आहे, सेटला मी नावं ठेवत नाहीये. पण माझा हात लहान नाही आणि स्विंगही सावकाश नाही. दोन वर्षं बॉल डावीकडे जात राहिला, मी कोचिंगवर पैसे घातले, स्टान्स बदलला, उजवा कोपर दुखायला लागला, आणि शेवटी एक दिवस बॅग सांभाळणारे कॅडी दादा म्हणाले, "मॅडम, तुमची बोटं तळव्यात रुततायत बघा. ग्रिप बारीक आहे तुम्हाला."

हे घरबसल्या बघता येतं म्हणून आधीच सांगते. डाव्या हाताने (उजव्या हाताने खेळत असाल तर) क्लब नेहमीसारखा धरा आणि मधल्या दोन बोटांची टोकं कुठे येतायत बघा. अंगठ्याच्या खालच्या फुगीर भागाला जेमतेम टेकली तर साइज बरोबर. रुतत असतील तर ग्रिप बारीक, आणि मध्ये फट राहत असेल तर जाड. बारीक ग्रिपने मनगट जास्त वळतं, आपण घट्ट आवळतो आणि बॉल डावीकडे पळतो. जाड असली की उलट, हात वळायला तयार नाही आणि बॉल उजवीकडे. दोन वर्षांत हे मला एकाही विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं ह्याचं अजून वाईट वाटतं.

मग दुसरा सेट घेताना आधी नीट फिटिंग केलं. पिंगचीच पुढची जी४४० नवीन आली होती त्यामुळे जी४३० (ही २०२३ ची) बऱ्यापैकी उतरलेल्या भावात मिळाली, तरी वेज आणि पटर धरून लाखाच्या पुढे गेलंच. खोटं कशाला बोलू, रक्कम मोठी आहे, घरी दोन दिवस चर्चा झाली. फिटरने आधी मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, मग बॉलवर मार्करने उभी रेघ काढून मारायला लावलं. ती रेघ क्लबच्या फेसवर (बॉलला लागणारा सपाट भाग) उमटते, सरळ उमटली तर लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) बरोबर, तिरकी उमटली तर नाही. माझी तिरकी. पिंगमध्ये लाय अँगल हेडवरच्या ठिपक्याच्या रंगाने ओळखतात, काळा म्हणजे स्टँडर्ड, मला लाल ठिपका लागला म्हणजे थोडा फ्लॅट, आडवा. लांबी अर्धा इंच कमी. शाफ्ट अल्टा सीबी ब्लॅक ग्रॅफाइट, सॉफ्ट आर आणि त्याहून जरा कडक आर असे दोन्ही फ्लेक्स मारून बघितले आणि आर घेतला. ग्रिप गोल्फ प्राइड टूर व्हेल्वेट, स्टँडर्ड साइज. आणि हो, हॉझेलवर (हेडची ज्यात शाफ्ट बसतो ती नळी) सिरीयल नंबर असतो, सेकंडहँड घेणाऱ्यांनी तो नक्की बघा, त्यावरून मूळ सेट कुठल्या स्पेकचा बनला होता ते कंपनीकडून कळतं आणि नकली माल भरपूर फिरतोय.

हा ठिपका सुरुवातीलाच बरोबर घ्या असं मी कळकळीने सांगेन. जी४३० चं हेड कास्ट केलेलं म्हणजे साच्यात ओतलेलं १७-४ स्टेनलेस स्टील आहे, कडक असतं. मिझुनो कंपनीसारखे मऊ कार्बन स्टीलचे फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले क्लब नंतर एक-दोन डिग्री आरामात वाकवता येतात, इथे तेवढी मोकळीक नाही.

आता खेळाबद्दल. पहिल्या महिन्यातच सात नंबर आयर्न माझ्या जुन्या सातपेक्षा जवळजवळ पंधरा यार्ड लांब जायला लागला आणि मी हवेत होते, पण ह्यातला काही भाग लॉफ्टचा (फेसचा तिरपेपणा, तो कमी तितका बॉल लांब) आहे हे समजून घ्या. जी४३० च्या सात नंबरचा लॉफ्ट २९ डिग्री आहे, जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये सात नंबर ३३-३४ ला असतो. म्हणजे आकडा सातचा पण काम जवळजवळ सहाचं. बॉल तरी उंच जातो कारण वजन खाली आणि मागे ठेवलंय, म्हणून तक्रार नाही. गडबड होते खालच्या टोकाला, म्हणजे जवळच्या शॉटच्या क्लबमध्ये. ह्याची पिचिंग वेज ४१ डिग्रीची आणि माझी जुनी सँड वेज ५६ ची, मध्ये १५ डिग्रीचं भगदाड. ऐंशी यार्डावरून माझ्याकडे मारायला क्लबच नसायचा, अर्ध्या ताकदीने पिचिंग मारायचे आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. तीन महिन्यांनी त्याच सेटच्या ४५.५ आणि ५० डिग्रीच्या दोन वेज वेगळ्या मागवल्या. सेट घेतानाच ह्या दोन्ही धरून बजेट काढा. बॅगेत १४ क्लबची मर्यादा आहे त्यामुळे मी वरचा चार नंबर घेतलाच नाही, त्याच्या जागी हायब्रिड, लांबचा शॉट मारायला सोपा असा क्लब.

ऑफ सेंटर लागलेला बॉल पण बऱ्यापैकी जातो. आवाज थोडा कडक आहे, फोर्ज्डचा तो मऊ "टच्" इथे नाही. मला त्याने फरक पडत नाही, पण ज्यांना पडतो त्यांनी मारून बघितल्याशिवाय घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. ग्रिप.

टूर व्हेल्वेट मार्च ते मे झकास चालली. साधी रबरी ग्रिप, हाताला मऊ, बारीक जाळीचं टेक्स्चर. जूनमध्ये पांडवकड्याच्या डोंगरावर ढग उतरले आणि सगळं बदललं. पाऊस चालू असताना कोणी खेळत नाही, खेळतो आपण उघडीप मिळाली की, पण तेव्हाही हवा इतकी कोंदट असते की हात कोरडा राहतच नाही. बारावं-तेरावं होल येईपर्यंत खालचा हात सरकायचा, सरकतो म्हणून आवळायचा, आवळला की परत तो कोपर. एकदा तर सहा नंबर हातातच फिरला आणि बॉल पार डावीकडच्या झुडपात गेला.

म्हणून गोल्फ प्राइडचीच एमसीसी घ्यायची ठरवली. ह्यात वरच्या अर्ध्या भागात, जिथे ग्लोव्हवाला हात येतो, तिथे कॉर्ड म्हणजे दोऱ्याचे तंतू घातलेले असतात आणि खालचा भाग रबरी. प्लस४ प्रकारात खालचा भाग जरा जाड असतो, टेपचे चार वेढे जास्त दिल्यासारखा, म्हणजे उजवा हात कमी आवळला जातो. माझ्या कोपरासाठी हेच हवं होतं. एका वर्कशॉपमध्ये सेट दिला, नाव लिहीत नाही. परत आला तेव्हा ग्रिप चकाचक, पण पहिल्याच राउंडला वाटलं की क्लबला हेडच नाही, स्विंग करताना टोकाला काही आहे हे जाणवेचना. आधी वाटलं नवीन आहे, होईल सवय. दोन आठवड्यांनी ग्रिपच्या टोकावरचं बघितलं तर मिडसाइज! विचारलंही नव्हतं. वर दोन क्लबवर खुणा तिरक्या बसवलेल्या, एकीच्या आत टेपची घडी हाताला लागत होती. तिथे गेले तर म्हणे स्टँडर्ड शिल्लक नव्हती.

हेड गायब झाल्यासारखं का वाटलं त्याचं कारण अगदी साधं आहे. ग्रिपचं वजन चार-पाच ग्रॅमने वाढलं की स्विंगवेट (स्विंग करताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) एका अंकाने खाली येतो. मी सुट्या ग्रिप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितल्या, स्टँडर्ड आणि मिडसाइजमध्ये पंधरा ग्रॅमच्या आसपास फरक. म्हणजे स्विंगवेट तीनने उतरला, फिटिंगला केलेली सगळी मेहनत एका दुपारी पाण्यात. म्हणून ग्रिप बदलायला देताना साइज, वजन, टेपचे किती वेढे हे सगळं कागदावर लिहून द्या आणि एक क्लब करून दाखवायला सांगा, पटला तरच बाकीचे.

तिसऱ्या वेळी मी घरीच केलं, आणि आता दुसरीकडे देणारच नाही. जुनी ग्रिप हूक ब्लेडने कापायची, हे ब्लेड वाकडं असतं आणि धार बाहेरच्या बाजूला राहते. ग्रॅफाइट शाफ्टवर साधं कटर अजिबात चालवू नका, आतल्या फायबरला चीर गेली की शाफ्ट संपला, स्टीलला तेवढी भीती नाही. मग जुनी टेप ओरबाडून काढायची, हे काम कंटाळवाणं आहे, नखं जातात. शाफ्ट पुसून डबल साइड टेप लावायची, वरच्या टोकाला अर्धा इंच जास्त ठेवून आत दुमडायची. ग्रिपच्या टोकाचं भोक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) लावून बंद करायचं, आत सॉल्व्हंट ओतून हलवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप सरकवायची. अर्ध्यात थांबलात तर ती तिथेच अडकते. मग मिनिटभर वेळ असतो, क्लब जमिनीला टेकवून फेस सरळ बघून ग्रिपवरची खूण जुळवायची. हार्डवेअरच्या दुकानातल्या टर्पेंटाइनने होतं पण घरभर वास येतो, पेट्रोल काहीजण वापरतात ते कृपा करून फ्लॅटमध्ये करू नका. मी शेवटी पाण्याने ओली करून चालणारी टेप मागवली, वास नाही काही नाही, फक्त सुकायला जास्त वेळ द्यावा लागतो, मी अख्खा दिवस ठेवला. वाइस आणि शाफ्ट धरायचा रबरी क्लॅम्प मात्र हवाच, हाताने धरून होत नाही.

एक बारीक गोष्ट. ग्रिप घेताना कोअरचा, म्हणजे आतल्या पोकळीच्या व्यासाचा आकडा बघा. ०.६०० इंचाच्या शाफ्टवर ०.५८० ची ग्रिप ताणून बसते आणि बाहेरून थोडी जाड होते, पाहिजे असेल तर ठीक, नकळत झालं तर त्रास. आणि ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) रिबवाली, म्हणजे खालून उभा उंचवटा असलेली ग्रिप नको. बऱ्याच ॲडजस्टेबल ड्रायव्हरमध्ये हेडच्या जोडातली स्लीव्ह फिरवली की शाफ्टही फिरतो आणि रिब भलतीकडे येते.

एमसीसी प्लस४ स्टँडर्ड आता आठ-नऊ महिने चाललीय. पावसात ही आणि टूर व्हेल्वेट ह्यांची तुलनाच नाही, सप्टेंबरमध्ये शेवटच्या होलपर्यंत हात जागेवर होता. तोटा एवढाच की ग्लोव्ह न घालता सराव केला तर कॉर्डने तळवा सोलवटतो, आणि ग्लोव्ह लवकर झिजतात. किंमत एकेका ग्रिपला हजार-बाराशेच्या आसपास पडली, बारा-तेरा क्लबचा हिशोब करा. पटरला सुपरस्ट्रोकची जाड ग्रिप आहे, ती एकदाच लावली, छान आहे.

देखभालीचं म्हणाल तर माझा एक पातळ पंचा बॅगेला कायम बांधलेला असतो, अर्धा ओला अर्धा कोरडा, प्रत्येक शॉटनंतर फेस पुसायचा. खाचांमध्ये माती राहिली की स्पिन गेला. जी४३० च्या फिनिशवर पाणी फारसं टिकत नाही, ओघळून जातं, पावसाळ्यात हे खरंच जाणवलं, पण चिखलाला कुठलं फिनिश थांबवणार. घरी आल्यावर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश. बादलीत पूर्ण बुडवून ठेवू नका, हेड आणि शाफ्टच्या जोडावर जी काळी रिंग असते, फेरूल, तिथपर्यंत पाणी जाऊ द्यायचं नाही, उकळतं तर नाहीच. ग्रिप पण त्याच साबणाच्या पाण्याने दर पंधरा दिवसांनी पुसते. घामाचं तेल बसून ग्रिप गुळगुळीत होते आणि आपल्याला वाटतं झिजली, अर्ध्या वेळा ती फक्त मळलेली असते. बॅग गाडीच्या डिकीत ठेवून देणं मी बंद केलंय. एप्रिलमध्ये बंद डिकी किती तापते ते हात लावून बघा, त्या उष्णतेने रबर कडक होतं आणि हेड धरून ठेवणारं इपॉक्सीही मऊ पडू शकतं. पावसाळ्यात उलट, हेडकव्हर ओली राहिली की आत बुरशी, म्हणून राउंड झाली की सगळे क्लब बाहेर काढून पंख्याखाली.

ग्रिप वर्षातून एकदा किंवा चाळीसेक राउंडनंतर बदला असं सगळे सांगतात. आपल्याकडच्या हवेत मी मे अखेर हा मुहूर्त धरलाय, म्हणजे ताजी ग्रिप बरोबर जूनमध्ये कामाला येते.

ह्या शनिवारी बसणार आहे. टेप आलीय, ग्रिप आल्यात, आणि आमच्या सोसायटीतली एक चौदा वर्षांची मुलगी तिचा सेट घेऊन येणार आहे. तिच्या हाताला लेडीज ग्रिप बसते की ज्युनियर की स्टँडर्ड, ते आधी तिची बोटं बघून ठरवू.